रोझेल कुणाची?

…नाही, पण मी म्हणतो, एक बाई कुणाची नोकर आहे एवढं साधं विचारायला माणसानं फोन तरी किती करावेत? तुम्हाला सांगतो, अर्धी सकाळ मी फोन कानाला लावून फुटपाथवर उभा, अमेरिकेतल्या ओमाहातला मार्च महिना, वारा असा की माझा कान गळून खाली पडला असता तरी पलीकडच्या बाईला पत्ता लागला नसता, कारण पलीकडे बाई नव्हतीच, गाणं होतं. मधेच गाणं थांबायचं आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, ‘आपला फोन आम्हाला महत्त्वाचा आहे.’ अहो, मग उचला ना!

बरं, मी कोण, ते राहिलंच. मी डेल्बर्ट कुचेरा. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, इमारतीत शिरलं की डाव्या हाताला कॉफीची टपरी आहे ना, ती माझी. मला दिसत नाही. जन्मापासूनच दिसत नाही, त्यामुळे हळहळू नका, काय गेलं हे मला कुठं माहितीय? आमच्याकडे सरकारी इमारतींतल्या टपऱ्या आंधळ्या माणसांना चालवायला देतात, त्यातली ही एक. कॉफी, सँडविच, आणि माझी बायको घरी भाजते ते जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, मऊसूत, मधे जर्दाळूचा गोळा… ते राहू द्या, मला रोझेलचं सांगायचंय.

रोझेल पिकेट म्हणजे दारावरची गार्ड. पिशवी मशीनमध्ये घाला म्हणणारी, पट्टा काढा म्हणणारी, ‘साहेब, तुमच्या खिशात अजून काहीतरी आहे, आणि ते काय आहे ते मला चारचौघांत बोलायला लावू नका’ असं अगदी हळू आवाजात म्हणणारी. वीसेक वर्षं एकाच दारावर. तुम्ही म्हणाल, सरकारी नोकर. मीही तेच धरून चाललो होतो. तर तसं नाही. इमारत सरकारची, मशीन सरकारचं, दार सरकारचं, दाराचं कुलूप सरकारचं, आणि त्या दारात उभी असलेली बाई तेवढी कंत्राटदाराची! दर काही वर्षांनी टेंडर निघतं, कमी पैशात पहारा देतो म्हणणाऱ्याला ते मिळतं, जुनी कंपनी जाते, नवी येते, आणि नवी कंपनी गार्ड कुठून आणते? त्याच दारातून. म्हणजे रोझेल आपली जागच्या जागी उभी, आणि स्टॉपवरून बसगाड्या जाव्यात तशा तिच्या अंगावरून कंपन्या जातात. छातीवर आधी गरुडाचा बिल्ला होता म्हणे, मग किल्ल्याचा, मग सिंहाचा, मग नुसतीच तीन अक्षरं, ती कशाची हे त्या कंपनीच्या साहेबालासुद्धा आठवेना. हे सगळं तिनंच मला सांगितलेलं, मला काय दिसतंय? मला आवाज ऐकू येतो, आणि आवाज तोच. ‘पुढे या. पिशवी इथं. पुढे या.’

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा शिरला. कॉफी ओतता ओतता विचार करायचा… मग रोझेल कुणाची?

तिला विचारलं तर म्हणायची, ‘डेल्बर्ट, पगाराच्या दिवशी मी ज्याचं नाव वाचते त्याची. मधले दिवस मी माझी.’ उत्तर झकास होतं. पण माझं समाधान होईना.

तर त्या मार्चमध्ये तीन अक्षरांची कंपनी जायची होती आणि ग्रॅनाइट हेरॉन नावाची यायची होती. हेरॉन म्हणजे बगळा. पहाऱ्याच्या कंपनीला बगळ्याचं नाव कुणी ठेवलं असेल, हा प्रश्न मला पडला, तर रोझेल म्हणाली, दिवसभर एका पायावर उभं करत असतील. आदल्या दिवशी संध्याकाळी जुन्या कंपनीचा माणूस पिशवी घेऊन आला, तिचा शर्ट, जाकीट, टोपी, पट्टा, पट्ट्याला लटकलेलं सगळं घेऊन गेला, आणि नवी कंपनी उद्या सकाळी नवं देईल म्हणाला. झालं. बदली एवढ्यातच व्हायची दरवेळी. संध्याकाळी सिंह उतरवायचा, सकाळी अक्षरं चढवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोलाच्यांचा खोका पोटाशी धरून, काठी ठोकत आलो, तर दारापाशी टाचांचा आवाज. टक, टक, टक. बाईमाणूस, घाबरलेलं नाही, पण येरझाऱ्या घालतंय. मी म्हटलं, ‘बाई, दार उघडायला वेळ आहे.’ तर ती म्हणाली, ‘ते मला सांगतोस, डेल्बर्ट?’ रोझेल! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला पावलांवरून ओळखलं नाही. गणवेशाचे जाड बूटही कंपनीनं नेले होते, म्हणून चर्चला घालायचे बूट घालून आली होती बिचारी. म्हणाली, कमरेला पट्टा नसला की हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही.

आत कोण होतं? आत डेन्टन होता. विचिटाहून नव्या कंपनीनं आणलेला पोरगेला गार्ड, देहानं प्रचंड असावा, कारण त्याचा आवाज वरून यायचा, आणि अतिशय नम्र. त्यानं काचेचं दार बोटभर उघडलं आणि म्हणाला, ‘मॅडम, माफ करा, तुमच्याकडे आमच्या कंपनीचा पास नाही, मला तुम्हाला आत घेता येणार नाही.’ रोझेल म्हणाली, मग मला साधी पाहुणी समज, तपास आणि घे. तो म्हणाला, ‘मॅडम, पाहुण्यांना तपासायला दोन गार्ड लागतात, मी एकटाच आहे.’ मग दुसरा कोण, तिनं विचारलं. ‘दुसऱ्या तुम्हीच आहात, मॅडम. पण तुम्ही बाहेर आहात.’

आता बघा, यात त्या पोराचं काय चुकलं? बाकीचे तिघं येणार होते विचिटाहून, ते चुकून गेले लिंकन गावाला. तिथंही फेडरल इमारत आहे, तिलाही दार आहे, ते तिथं जाऊन उभे राहिले. आमच्याकडचे जुने होते त्यांतले दोघं आधीच विमानतळावर नोकरीला चिकटलेले. राहिली रोझेल. आणि रोझेलला दारावर उभं करायचं, तर तिचं प्रशिक्षण झालंय, नेम बरा आहे, तब्येत धड आहे, याचे दाखले जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे जायला हवेत. जुनी म्हणते पाठवले. नवी म्हणते आलेच नाहीत. संपलं.

इमारतीतले कारकून मागच्या दारानं कार्ड दाखवून आत गेले. माझं कार्ड पुढच्या दाराचं. म्हणजे मीही बाहेर! कॉफी आत, मी बाहेर, आणि कॉफीला आलेली गिऱ्हाइकं माझ्याभोवती.

त्यात दिवस कुठला? नागरिकत्वाच्या शपथेचा. बघता बघता फुटपाथ भरला. त्या दिवशीची रांग कानाला निराळी लागते, तुम्हाला सांगतो. एरवी रांगेत माणसं कुरकुरतात, त्या दिवशी नव्या कपड्यांची सळसळ असते, अत्तरं असतात, बायका पोरांची नाकं पुसत असतात, आणि सगळे एकमेकांशी फार हळू बोलत असतात, मोठ्यानं बोललं तर कुणी परत पाठवेल असं वाटल्यासारखं. सगळे चढून बसायचे वरच्या मजल्यावर, शपथ घ्यायची, अमेरिकन होऊन खाली माझ्याकडे कॉफी प्यायची. हे असं दर महिन्याला. आणि आज दार बंद.

मग मी फोन काढला. तसा रिकामाच होतो, आणि खरं सांगू का, मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. पहिला फोन जुन्या कंपनीला. गाणं, मग बाई. बाई म्हणाली, पिकेट कालपासून आमच्याकडे नाहीत, आमच्या त्यांना शुभेच्छा आहेत. दुसरा नव्या कंपनीला. तिकडून ट्रेंट नावाचा व्यवस्थापक, तो गाडीतून येतच होता म्हणे. तो म्हणाला, दाखले येईपर्यंत त्या सध्याच्या घडीला, या टप्प्यावर, आमच्या आहेत असं म्हणता येत नाही. नाहीत असंही म्हणता येत नाही. तिसरा गार्डांच्या संघटनेला. तिथला माणूस बिचारा चांगला होता, म्हणाला, आमचा करार जुन्या कंपनीशी होता, नवीशी व्हायचाय, तोवर बाईंना सांगा आम्ही मनानं त्यांच्याबरोबर आहोत. मनानं!

चौथा फोन करायची वेळ आली नाही, कारण सरकारच चालत आलं. सरकार म्हणजे मिसेस होल्मक्विस्ट, कंत्राटदार काम नीट करतोय का हे बघायला सरकारनं नेमलेल्या बाई. मागच्या दारानं वळसा घालून आल्या, धापा टाकत. मी म्हटलं, बाई, तुम्ही सरकार, तुम्हीच सांगा हिला आत घ्यायला. तर म्हणाल्या, डेल्बर्ट, मी कंत्राटदाराच्या माणसाला हुकूम करू शकत नाही, मी फक्त बघू शकते. हुकूम करणारे अधिकारी दुसऱ्या राज्यात बसतात, आणि ते आज रजेवर आहेत. मी म्हटलं, पण ही कंत्राटदाराची आहे असं कंत्राटदार कुठं म्हणतोय? तेव्हा त्या खरंच विचारात पडल्या. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘अरेच्चा. मग रोझेल कुणाची?’

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आता सरकारलाही पडला होता माझा प्रश्न.

इतका वेळ रोझेल काय करत होती? घरी जायला हवं होतं तिनं. मी असतो तर गेलो असतो. तिनं मला नंतर सांगितलं, तिलाही जावंसं वाटलं होतं, रडू आलं होतं, चर्चचे बूट बोटांना चावत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दाराकडे बाहेरून बघत होती. बाहेरून ते फारच बंद दिसतं म्हणाली. पण समोर रांग वाकडीतिकडी होऊन बसस्टॉपवर चाललेली, एक म्हातारी वाऱ्यात उभी, आणि ते तिला बघवेना. मग तो आवाज आला. ‘पुढे या. भिंतीच्या बाजूनं. आजी, तुम्ही इथं कठड्यावर बसा. ज्यांची पोरं लहान आहेत ते आडोशाला या.’ आणि रांग सरळ! कुणी विचारलं नाही तू कोण, बिल्ला कुठाय. त्या आवाजाला बिल्ला लागतच नाही.

तेवढ्यात ट्रेंट पोचला. पोचल्या पोचल्या त्याला घाम फुटला, म्हणजे आवाजाला फुटला. म्हणाला, मॅडम, तुम्ही परवानगी नसताना पहारा देताय, काही झालं तर कंपनीवर येईल. रोझेल म्हणाली, ‘मी पहारा देत नाहीये. मी उभी आहे.’ पण लोक तुमचं ऐकतायत, तो म्हणाला. ती म्हणाली, त्याला मी काय करू?

आणि तेव्हाच तिला सुरा दिसला. रांगेतल्या एका कुटुंबानं केक आणला होता, शपथ झाल्यावर कापायला, आणि केकबरोबर घरातला मोठा सुरा, कागदात गुंडाळलेला. कागद वाऱ्यानं उडाला. एरवी दारातच अडवलं असतं, पण दारच बंद! ट्रेंटचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. रोझेल शांतपणे त्या माणसापाशी गेली, हात पुढे केला, त्यानं मुकाट्यानं सुरा तिच्या हातात दिला. ट्रेंट म्हणाला, तुम्हाला जप्तीचा अधिकार नाही, मॅडम. ती म्हणाली, ‘जप्त कुठं केला? केक मी कापणार आहे.’

आता गॅटलुआकचं सांगतो. रांगेतला म्हातारा, सुदानकडचा, दक्षिणेचा, आमच्या गावात त्यांची वस्ती मोठी आहे. मुलीबरोबर आला होता. माझ्या शेजारीच कठड्यावर बसला होता, मी त्याला एक कोलाचे दिलं होतं, आणि माझे सगळे फोन त्यानं ऐकले होते. त्यानं रोझेलला हाक मारली. म्हणाला, ‘बाई, हे सगळे म्हणतात तुम्ही कुणाच्याच नाही?’

रोझेल म्हणाली, दुपारपर्यंत तरी तसंच दिसतंय.

तो म्हणाला, ‘मी पण कुणाचा नव्हतो. पुष्कळ वर्षं. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत होतो. माझा देश म्हणायचा हा आमचा नाही, छावणीवाले म्हणायचे आमचा पाहुणा आहे. पहिल्या वर्षी फार लागतं मनाला. मग आपण आपलं काम करत राहतो. मी तिथं पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवायचो. कुणी नेमलं नव्हतं मला.’

रोझेल त्याच्या शेजारी कठड्यावर टेकली, चर्चचे बूट काढले, जरा बोटं चोळली, आणि म्हणाली, ‘आज तुम्ही कुणाचे तरी होणार. मी बघते तुम्ही कसे होत नाही ते.’

आणि अनवाणीच गेली मिसेस होल्मक्विस्टकडे. दार उघडत नाही ना, म्हणाली, मग शपथ बाहेर आणा. शपथ देणाऱ्या बाई वर खोलीत रिकाम्या खुर्च्यांपुढे बसल्यात, त्यांना खाली बोलवा. होल्मक्विस्टबाईंना हुकूम करता येत नव्हता, पण निरोप तर नेता येत होता! त्या मागच्या दारानं गेल्या, आणि थोड्या वेळानं शपथवाल्या कार्डोझाबाई हातात कागद आणि मागे झेंडा घेऊन आल्या. म्हणाल्या, छप्पर असलंच पाहिजे असं काही मला कुणी सांगितलेलं नाही.

तर दक्षिणेकडच्या भिंतीला, वारा जरा कमी होता तिथं, लागली सगळी मंडळी उभी. झेंडा दोनदा पडला, तिसऱ्यांदा रोझेलनं धरला. ट्रेंटनं तेवढ्यात विचारून घेतलं की हे पहाऱ्यात मोडतं का. शपथ सुरू झाली. शंभरेक माणसं, प्रत्येकाचा उच्चार निराळा, वारा शब्द उचलून नेतोय, आणि माझ्या शेजारून गॅटलुआकचा आवाज, प्रत्येक शब्द जपून, काचेचं भांडं टेबलावर ठेवावं तसा. मी त्या शपथेचा आवाज आजवर छतातून झिरपून आलेला ऐकला होता. असा शेजारून कधीच नाही. शपथ संपली तेव्हा टाळ्या झाल्या, आतून डेन्टनही काच बडवत होता, आणि मग रोझेलनं केक कापला. सुरा धुऊन, पुसून, त्या माणसाच्या गाडीपर्यंत स्वतः पोचवला.

लिंकनला गेलेली माणसं दुपारी आली. दार उघडलं. तोवर आत जायचं कुणाला राहिलं नव्हतं.

आणि रोझेल गेली घरी. बसनं. पुढचे कित्येक आठवडे दारावर डेन्टन. पोरगा चांगला, पण ‘मॅडम, साहेब, कृपया’ करत रांग रस्त्यापलीकडे जायची. मी रोज फोन करायचो, दाखले सापडले का? जुनी म्हणे पाठवले, नवी म्हणे नाहीत. सापडलेच नाहीत हो ते, आजतागायत. शेवटी ट्रेंटलाच लाज वाटली असेल किंवा होल्मक्विस्टबाईंनी नुसतं बघून बघून त्याला हैराण केलं असेल, पण त्यानं तोडगा काढला: पिकेटबाई नव्यानं भरती व्हाव्यात. पहिल्यापासून. म्हणजे वीस वर्षं दार राखलेली बाई विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसली, दार कसं राखावं हे शिकायला!

गेली, तक्रार न करता. मला संध्याकाळी फोनवर सगळं सांगायची आणि आम्ही हसायचो. एक दिवस मास्तरनं पडद्यावर चित्र लावलं: दारावर योग्य रीतीनं उभी असलेली गार्ड. रोझेलनं बघितलं तर… तीच! किल्ल्याच्या बिल्ल्याच्या वेळचा फोटो, कुणीतरी काढून नेलेला, या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत फिरत इथवर आलेला. दाखले हरवले आणि फोटो पोचला. मास्तरनं ओळखलं नाही, तीही बोलली नाही. प्रश्न होता, ही गार्ड या क्षणी काय करते आहे? पोरांनी लिहिलं, परिस्थितीचं निरीक्षण. रोझेलनं लिहिलं, जेवायची सुट्टी कधी होते याचा विचार. आणि मास्तरनं ते चूक धरलं! अहो, तिच्या डोक्यातलं तिला माहीत नाही?

पण झाली पास. नेमबाजीत तर पोरं बघत राहिली. बगळ्याचा बिल्ला लागला, जाड बूट आले, आणि एका सोमवारी मी दारापाशी पोचलो तर ‘पुढे या. पिशवी इथं. खोका सरळ धर, डेल्बर्ट, जर्दाळू सांडेल.’ मी तिथंच थांबलो जरा. मागच्या माणसानं ढोसलं तेव्हा हललो.

आता तुम्ही म्हणाल, मिटलं. मलाही तसंच वाटलं. मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं की चला, रोझेल बगळ्याची. पण टेंडर हरलेल्या एका तिसऱ्याच कंपनीनं तक्रार केली होती की टेंडर उघडताना घोळ झाला. तक्रार फिरत फिरत वर गेली, वर कुणीतरी वाचली, आणि निकाल लागला की हो, झाला होता घोळ. बगळा उडाला! कंत्राट त्या तिसऱ्या कंपनीला. संध्याकाळी माणूस पिशवी घेऊन आला… बूटसुद्धा नेले. यावेळी दाखल्यांची प्रत रोझेलनं स्वतःच काढून ठेवली होती, म्हणून सकाळी दार तरी उघडलं. मी होल्मक्विस्टबाईंना विचारलं, मग आता रोझेल कुणाची? त्या म्हणाल्या, डेल्बर्ट, कॉफी दे.

नव्या कंपनीच्या त्या पहिल्या सकाळी रोझेल माझ्या टपरीपुढे येऊन उभी राहिली. कापड नवंकोरं, करकर वाजत होतं. कॉफी मागितली नाही, कोलाचे मागितलं नाही. म्हणाली, ‘डेल्बर्ट, खरं सांग. हा शर्ट कसा दिसतो मला?’

आता मी काय सांगणार? दर कंपनीला सांगतो तेच सांगितलं… मागच्यापेक्षा बरा.